तापीकाठचा बाजार

दोंडाईच्याहून शहाद्याकडे जाणारा रस्ता तापी ओलांडतो, तिथे नदीच्या उत्तर काठावर सारंगखेडा आहे. शहादा तालुक्यातले हे गाव वर्षातले अकरा महिने कापूस, पपई आणि उसाच्या शिवारातले एक मोठे खेडे असते. मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि देवळाच्या आसपासच्या मोकळ्या रानात घोड्यांच्या दावणी लागतात. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, पंजाब, उत्तर प्रदेशातून ट्रक भरून घोडे येतात. ज्या गावात एरवी बैलजोडीचा सौदा हीच मोठी उलाढाल, तिथे काही दिवस लाखांच्या भाषेत बोलणी चालतात. यात्रेला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते. गेल्या दशकापासून तिला चेतक फेस्टिव्हलची जोड मिळाली आहे.

एकशे चाळीस कोटींच्या देशात धंद्याची संधी कुठे आहे, याचे उत्तर सहसा मुंबई-बंगळुरूकडे बोट दाखवून दिले जाते. लोकसंख्या, वाढता मध्यमवर्ग, मोबाइलधारकांची संख्या असे आकडे पुढे येतात आणि ते खोटेही नसतात. पण त्या आकड्यांतून बाजार कसा चालतो हे कळत नाही. माल आहे, गिऱ्हाईक आहे, आणि तरी मधल्या दोन मुक्कामांत मालाची निम्मी किंमत हरवते, हे भारतीय व्यापाराचे खरे दुखणे. ते जवळून पाहायचे तर सारंगखेडा आणि त्याच्याभोवतीचा तापीकाठ ही चांगली जागा आहे, कारण जुन्यात जुनी सौद्याची रीत आणि नव्यात नवी कागदपत्रे इथे एकाच दावणीला बांधलेली दिसतात.

यात्रेची तिथी देवाची असली तरी हंगाम व्यापाराचा आहे. मार्गशीर्षात खानदेशातला कापूस बऱ्यापैकी वेचून झालेला असतो, लाल मिरचीचे पैसे हातात यायला लागलेले असतात, आणि तुळशीचे लग्न होऊन गेल्याने लग्नसराई उघडलेली असते. बाहेरच्या व्यापाऱ्यांचेही एक पंचांग आहे. कार्तिक पौर्णिमेला पुष्करचा मेळा, बरोबर महिन्याने सारंगखेडा, त्याच महिन्याच्या वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा. पुष्करला न विकलेला घोडा सारंगखेड्याला येतो, इथे न खपलेला माळेगावला जातो. एका बाजारात मनासारखा भाव आला नाही तर पुढचा बाजार ठरलेला असल्यामुळे विकणारा अगदीच हातघाईवर येत नाही. नाशवंत माल पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ही चैन नाही. तो फरक पुढे पपईच्या संदर्भात दिसेल.

घोडा घेणारा आधी तोंड उघडतो. खालचा ओठ अंगठ्याने दाबून दात पाहिले की वयाचा अंदाज लागतो: दुधाचे दात असलेला आदत, मग दोन दाती, चार दाती, आणि साधारण पाच वर्षांचा झाला की तोंड पुरे. दात पाहून झाले की हात पायांवरून खाली खुरापर्यंत फिरतो, गाठ किंवा ऊब लागते का ते बघतो. नंतर अंगावरचे भोवरे. गळ्याखालचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी मानाचा. या समजुतींना पशुवैद्यकात आधार नाही, पण किमतीत आहे. आसूढाळ असलेले निरोगी जनावर त्याच उंचीच्या दुसऱ्यापेक्षा स्वस्तात जाते, आणि शकुन न मानणारा शहाणा खरेदीदार नेमके तेच हेरतो. शेवटी चाल पाहतात. रवाल चालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडतात, स्वाराला हिसका बसत नाही. चांगल्या रवाल घोड्यावर बसलेल्याच्या हातातल्या पेल्यातले पाणी हिंदकळत नाही असे म्हणतात. मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पांढराशुभ्र नुकरा, आणि आपल्याकडचा भीमथडी यांची दावणीदावणीवर तुलना चालते. उंची इंचात मोजतात, आणि वरच्या मापांत एकेका इंचाला किंमत असते.

सौदा पूर्वी रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात कापडाने झाकलेले, आत बोटांनी आकडा सांगितला जातो, चेहरा कोरा, शेजारी उभा असलेल्याला काही कळत नाही. हत्ता नावाची ही रीत बाजार समितीच्या कायद्याला मान्य नाही. शेतमालाची विक्री उघड लिलावाने व्हावी असे तो सांगतो. कायद्यामागचा हेतू योग्यच आहे, कारण झाकलेल्या भावात दलालाचे दोन्हीकडून फावते. तरी जनावरांच्या बाजारात ही रीत इतकी टिकली त्याला कारण आहे. दोन घोडे सारखे नसतात. प्रत्येक सौद्याची किंमत वेगळी, आणि ती उघड झाली तर तिचा दाखला देऊन पुढचा गिऱ्हाईक अडून बसतो. क्विंटलवर विकला जाणारा कापूस आणि नगावर विकला जाणारा घोडा यांना एकच नियम लावता येत नाही, ही गोष्ट भारतात बाजार-सुधारणा करू पाहणाऱ्यांच्या नजरेतून बरेचदा सुटते.

घोडे घेतो कोण, हा खरा प्रश्न. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे 3.4 लाख निघाली. 2012 च्या मानाने ही घट जवळपास 45 टक्के. टांगा गेला, ओझ्याचे तट्टू गेले. हे आकडे वाचून या धंद्याला टाळे लागणार असा निष्कर्ष कोणीही काढेल, आणि तो चुकेल. कामाचा घोडा संपला, हौसेचा आणि मिरवण्याचा वाढला. वरातीसाठी घोडा पुरवणारे, नाचरा घोडा बाळगणारे, रिसॉर्टवाले, घोडेस्वारीच्या शाळा चालवणारे, आणि ज्याच्या आजोबांच्या पागेच्या आठवणी सांगितल्या जातात असा नवा सधन बागायतदार, हे आजचे गिऱ्हाईक. ओझे वाहणाऱ्या जनावराची किंमत त्याच्या कामावरून ठरते, म्हणून तिला मर्यादा असते. हौसेच्या जनावराला तशी मर्यादा नाही. उत्पन्न वाढत असलेल्या देशात एखादी वस्तू गरजेच्या यादीतून निघून हौसेच्या यादीत जाते तेव्हा तिची संख्या घटते आणि किंमत चढते. हातमागाच्या पैठणीचे जे झाले तेच घोड्याचे.

घोड्याच्या पाठोपाठ त्याचा संसार येतो. लगाम, मोहरकी, खोगीर, रिकीब, घुंगरांचे पट्टे, तोबरे, खरारे यांची दुकाने दावणींच्या कडेने लागतात. नालबंद येतात. मोतद्दार रोजावर मिळतात. चाऱ्याच्या आणि चण्याच्या गाड्या येतात, पलीकडे शेतीची अवजारे, घोंगड्या, भांडी, पाळणे, तमाशाचे तंबू. यातले बरेच साहित्य बाहेरून तयार होऊन येते. यात्रेचे गाव असूनही खोगिराचा मोठा कारखाना या भागात उभा राहिला नाही. बाजार वर्षातून एकदाच भरतो आणि बाराही महिने कारागीर पोसण्याइतकी मागणी स्थानिक पातळीवर नाही, हे त्याचे सरळ कारण.

कागदपत्रांची बाजू नवी आहे आणि काही ठिकाणी मजेशीर. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून आला तेव्हा जिवंत घोड्यावर 12 टक्के कर होता, सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्क्यांवर आला. गाढव आणि खेचर मात्र करमुक्त. घोडा चैनीचा आणि गाढव कष्टाचे, असा निवाडा करखात्याने केलेला दिसतो. नोंदणीच्या मर्यादेखालच्या विक्रेत्याला हा कर लागू होत नाही, त्यामुळे गावकडच्या सौद्यांवर त्याचा परिणाम बेताचा आहे. मोठ्या व्यापाऱ्याला हिशेब ठेवावा लागतो. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, म्हणजे भारी घोड्याचा सौदा रुमालाखाली ठरला तरी पैसा बँकेतूनच फिरला पाहिजे. तिसरा कागद आरोग्याचा. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा, माणसालाही होऊ शकणारा रोग आहे. त्याची तपासणी रक्ताच्या नमुन्यावरून होते आणि देशातली मुख्य प्रयोगशाळा हरियाणात हिसारला, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. जिथे काही दिवसांत हजारो जनावरे एकत्र येतात तिथे असा एक नमुना दूषित निघाला तर नुसता घोडा जात नाही, सगळा बाजार बंद पडतो. बाजाराजवळ तपासणी, विलगीकरणाचे तबेले, वाहतुकीतला विमा या तिन्ही सेवांना इथे गिऱ्हाईक आहे. घोड्याचे व्यापारी पुष्कळ; या सेवा विकणारे मोजके.

व्यापाराची वाट म्हणून हा तापीकाठ जुना आहे. सुरत हे मोगलांचे मोठे बंदर असताना बुऱ्हाणपूर आणि आग्र्याकडे जाणारा माल याच खोऱ्यातून चढायचा. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवताना नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावे देतो, आणि नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो अशी नोंद करतो. 1900 च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वे आली. ती नंदुरबार आणि दोंडाईच्यावरून गेली. सारंगखेडा आणि शहादा नदीच्या पलीकडे राहिले. मालगाडीला जवळ असलेल्या दोंडाईच्यात पेठ वाढली, सारंगखेड्यात यात्रा तेवढी राहिली. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण व्हायला 2018 साल उजाडले. व्यापाराचा ओढा आजही मुंबईपेक्षा सुरतेकडे अधिक आहे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला तरी मालाने जिल्ह्याची हद्द कधी मानली नाही. इथल्या दुकानदाराला मराठी, अहिराणी, गुजर बोली आणि भिली यांच्यातून दिवसभर ये-जा करावी लागते, आणि ज्याला ती जमत नाही त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

जिल्ह्याचे नाव देशभर पोचवले ते मिरचीने. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते, लिलाव होतो, आणि व्यापारी ती गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर वाळत घालतात. या वाळवणाच्या जागेला पथारी म्हणतात. हिवाळ्यात नंदुरबारच्या रस्त्यांनी जाताना एकरच्या एकर लाल दिसते आणि नाकात खाट बसते. पथारीवर बायका देठ खुडतात, प्रतवारी करतात, मिरची उलटीपालटी करतात. शंभर किलो ओली मिरची वाळून पंचवीस-तीस किलो उरते. बाकीचे पाणी असते, आणि ते उन्हाने फुकट उडवले म्हणून हा धंदा परवडतो. अवकाळी पावसाची एक रात्र मात्र हे फुकटपण वसूल करते. भिजलेली मिरची काळी पडते, बुरशी धरते, तिची परत विक्री होते ती निम्म्या-पाव भावाने. परदेशी खरेदीदार आणि रंग-अर्क काढणारे कारखाने बुरशीच्या विषाची तपासणी मागतात. उघड्या जमिनीवर वाळलेल्या मालाला ती परीक्षा जड जाते. ताडपत्रीच्या जागी छपराखालचे वाळवणगृह, अंदाजाच्या जागी ओलावा मोजणारे यंत्र, एवढ्या साध्या बदलावर इथे माल एक पायरी वर चढतो. पण यंत्राचे पैसे घालणार कोण? शेतकरी ओली विकून मोकळा होतो, व्यापाऱ्याला वाईट वर्षाचा तोटा चांगल्या वर्षात भरून निघतो, आणि पथारीवर काम करणारीला मजुरीखेरीज काही मिळत नाही. सुधारणेचा फायदा तिघांत वाटला जाणार असेल आणि खर्च एकानेच करायचा असेल तर ती रखडते.

पपईचे दुखणे वेगळे आहे. शहादा तालुका पपईसाठी प्रसिद्ध आहे, तैवान 786 या वाणाच्या बागा दूरवर दिसतात. फळ रंगावर आले की वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ट्रकमध्ये रचतात आणि ट्रक दिल्ली, पंजाब, राजस्थानकडे निघतात. खरेदीदार बाहेरचे, तोडणी त्यांच्या माणसांची, भाव त्यांच्या फोनवर. हंगामात भावावरून कुरबुर वाढली की शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसतात, किलोचा दर ठरतो, दोन-चार दिवस टिकतो आणि पुन्हा ढासळतो. व्यापाऱ्यांनी तोडणी थांबवली तर फळ झाडावर थांबत नाही. घोडेवाल्याला पुढचा बाजार असतो, पपईवाल्याला पुढचा आठवडा नसतो. फळे-भाजीपाला 2016 मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. विकायचे स्वातंत्र्य आले, भाव ठरवायची ताकद आली नाही. ती ताकद शीतगृहाने, गर काढून टिकवणाऱ्या कारखान्याने किंवा पाच गावांनी मिळून तोडणी स्वतःच्या हातात घेतल्याने येऊ शकते. केळीत ते थोडेफार घडले आहे. ऊतिसंवर्धित रोपे, पॅकहाउस, तेरा-चौदा अंशांवर ठेवलेला कंटेनर, आखाती देशांतला खरेदीदार, ही साखळी जळगावात रुजली आणि तिथून शहादा-तळोद्यापर्यंत आली. केळीला जे जमले ते पपईला का जमू नये याचे उत्तर फळाच्या सालीत आहे: पपई मऊ, तिला धक्का सोसत नाही.

नवापूरची गोष्ट इशाऱ्याची. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे मोठे केंद्र म्हणून ते वाढले आणि फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला. लाखो पक्षी मारावे लागले. धंदा पुन्हा उभा राहिला, 2021 मध्ये पुन्हा तोच घाला आला. एकाच गावात एकच जिन्नस दाटीने वाढवला की खाद्य, औषध, गाड्या सगळे स्वस्त पडते. रोगही स्वस्तात पसरतो. त्याच तालुक्यातल्या तूरडाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छोट्या प्रमाणातला, नावावर विकला जाणारा हा माल आहे; त्याचा व्यापार कोंबड्यांइतका कधी होणार नाही, तसा धोकाही नाही.

पाणी, जमीन आणि माणूस यांचे हिशेब या सगळ्याच्या खाली आहेत. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज बांधले गेले. पाणी अडले, पण ते उचलून शेतात नेणाऱ्या सहकारी उपसा योजनांपैकी अनेक वर्षानुवर्षे बंद राहिल्या. काठावरच्या शेताला पाणी दिसते आणि मिळत नाही, अशी स्थिती कित्येक गावांनी भोगली. जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना पी. के. अण्णा पाटलांनी उभा केला आणि शहाद्याच्या गुजर-पाटील शेतकऱ्याच्या हाती नियमित पैसा आला. त्याच समृद्धीची दुसरी बाजू 1971-72 मध्ये पुढे आली. कर्जापोटी आणि दंडेलीने गेलेल्या आदिवासींच्या जमिनींवरून अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी लढा उभारला, आणि अशा जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने 1974 मध्ये केला. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी 69 टक्के आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात कारखान्याची जागा पाहायला आलेल्या उद्योजकाने पहिल्याच दिवशी हे कलम वाचावे. त्याला अडथळा म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते नसते तर विकायला जमीन उरली असती का, हे विचारणारे कमी.

पतपुरवठ्याची कथा टेंभलीपासून सुरू करता येते. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या या छोट्या गावात वाटले गेले. त्यानंतर बँक खाते, मोबाइल आणि आधार यांची सांगड बसली, अनुदान थेट खात्यात येऊ लागले, यात्रेतल्या पाळण्याचे आणि भज्यांचे पैसे चौकोनी कोड दाखवून घेता येऊ लागले. ओळख मिळाली, पण ओळखीवर कर्ज मिळतेच असे नाही. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाला बी-बियाण्यासाठी पैसा हवा तर अजूनही ऊसतोडीच्या मुकादमाची उचल जवळची वाटते, कारण ती कागदाशिवाय आणि त्याच दिवशी मिळते. 2018 मध्ये केंद्राने नंदुरबारचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला, तेव्हा मोजमापात आरोग्य आणि शिक्षणाबरोबर वित्तीय समावेशनही होते.

ही उचल फेडायची ती गुजरातेत. पावसाळा ओसरला की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची कुटुंबे दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघतात. भांडी, अंथरुणे, कोंबड्या आणि लहान पोरे घेऊन ट्रक भरतात आणि रात्रीतून सीमा ओलांडतात. परततात ती उन्हाळ्यात, कोप्या मोडून. सारंगखेड्याच्या रानात दावणी लागतात आणि शहाद्यात पपईचे ट्रक भरतात, त्या मार्गशीर्षात ज्यांच्या हातांवर या जिल्ह्याची शेती चालते त्यांतले बरेच जण उसाच्या फडात असतात, आणि नंदुरबारच्या पथारीवाल्यांना देठ खुडायला माणसे कमी पडतात.